आठ सोमवारांचा गिअर

दुसरा गिअर पडेना. कळे गावाच्या पुढचा चढ, मागे दुधाच्या कॅनांनी भरलेला टेम्पो सारखा हॉर्न वाजवतोय, आणि मी गाडीला पहिल्या गिअरमध्ये बोंबलायला लावून डाव्या हाताने दांडा खाली ओढतेय. मनगटातून कळ निघाली ती थेट खांद्यापर्यंत गेली. मग गेला महिनाभर जे करत होते तेच मी केलं. गुडघा खालून स्टिअरिंगला टेकवला, उजवा हात सोडवून आडवा नेला आणि दांडा खसकन ओढला. गिअर पडला, पण तेवढ्यात गाडी रस्ता सोडून हातभर डावीकडे गेली होती. ती मी परत वर आणली.

टेम्पो पुढे निघून गेला. त्याच्या मागे आमच्या दूध संघाची जीप होती, हे मला ती पुढे येऊन आडवी थांबली तेव्हा कळलं. जीपमधून आमचे चीफ, डॉ. इंगवले, उतरले. हा माणूस रागावला की आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे.

"मगदूमबाई, तुम्ही उजव्या हातानं गिअर टाकलात ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो."

"मग स्टिअरिंग कुणी धरलं होतं?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण बोललेलं पचत नाही. "गुडघ्यानं," मी म्हणाले.

चीफ काही वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, की माझ्या जागी त्यांची मुलगी असती तर त्यांनी आत्ताच्या आत्ता किल्ली काढून घेतली असती. मी त्यांची मुलगी नव्हते, म्हणून त्यांनी मला मुदत दिली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः माझ्या शेजारी बसणार, करूळ घाट मी उतरून परत चढायचा. दोन्ही हात जिथे असायला हवेत तिथे राहिले तर माझा रूट माझा. नाही तर कोल्हापूरच्या ऑफिसात माझ्यासाठी एक टेबल, एक खुर्ची आणि एक फोन तयार होता.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी संघाची जनावरांची डॉक्टर होते. गगनबावड्याच्या रस्त्याची सत्तावीस गावं आणि त्यांच्या वरच्या वाड्या, एवढा माझा रूट. गाडी स्वतःची, पेट्रोल संघाचं. त्या रूटवर मी पहिली बाई डॉक्टर होते. सुरुवातीला लोक माझ्या पाठीमागून गाडीतून अजून कुणी उतरतंय का ते बघायचे. नंतर बायकाच मला हक्काने फोन करू लागल्या, कारण म्हैस नावावर कुणाच्याही असली तरी तिचं दुखणंखुपणं घरातल्या बाईलाच माहीत असतं आणि ते बाईला सांगणं सोपं जातं. हा रूट मला माझ्या पगारापेक्षा प्यारा होता. तो गेला असता तर मी जगले असते, पण फोनजवळ बसून दुसऱ्यांना त्या गावांना पाठवत जगले असते.

हात मोडला होता ऑगस्टमध्ये. असळजच्या एका गोठ्यात मी म्हैस गाभण आहे का ते तपासत होते. आम्ही तपासायला डावा हात आत घालतो, उजवा बाहेर लिहायला आणि औषधाला मोकळा ठेवतो. माझा हात कोपरापर्यंत आत असताना म्हशीने एकदम खाली बसकण मारली. तिची काही चूक नव्हती. मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हात होता, पण त्याच्यात जोर म्हणून उरला नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला आणि रोज दोनशे वेळा दाबायला सांगितला. मी चार दिवस दाबला, पाचव्या दिवशी हात ठणकला आणि चेंडू कपाटात गेला. जनावराचं औषध एक दिवस चुकलं तर मालकाला चारचौघांत झाडणारी मी, स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा दोष गाडीला देऊन मोकळी झाले. आई म्हणालीसुद्धा, नाचता येईना अंगण वाकडं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण अंगणही वाकडं होतंच. गाडी दुसऱ्या हाताची, लहानशी, पांढरी. तिचा गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये असला की इकडेतिकडे डुलायचा आणि गिअरमध्ये घालायला गेलं की हटून बसायचा. सकाळच्या गारव्यात तर पहिला मैलभर त्याच्याशी कुस्तीच.

चीफनी मुदत दिली त्याच आठवड्यात दिवाळी आली. भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ सुकुमार पुण्याहून आला. त्याला गाड्यांचं वेड. ओवाळून झाल्यावर त्याने ताटात साडीच्या पिशवीऐवजी एक जड पुठ्ठ्याचा खोका ठेवला. नाना पेठेत चार दुकानं पालथी घालून आणलं म्हणाला. आत गिअरचा आखूड दांडा होता, त्याचे पट्टीबोल्ट होते आणि वर बसवायला चकचकीत स्टीलचा गोळा होता.

"अक्का, आता तुझा गिअर नुसत्या मनगटाच्या झटक्यात पडेल," तो म्हणाला. "रेसच्या गाड्यांना हेच असतं. हात निम्मासुद्धा हलवावा लागत नाही."

त्याच दिवशी अंगणात पालथा पडून त्याने तो बसवला. कपडे काळे, नाक काळं आणि चेहऱ्यावर असा आनंद, की आईने त्याला दुसऱ्यांदा ओवाळायचं बाकी ठेवलं. मी गाडी गल्लीत फिरवली. हात खरोखरच निम्मा हलत होता, पण तेवढा हलवायला आता दुप्पट जोर लागत होता. दांड्यावरचा स्टीलचा गोळा लिंबाएवढा. माझी बोटं तोवर पुरती मिटत नव्हती, त्यामुळे तो मुठीत धरताच यायचा नाही. गल्लीच्या टोकाला वळताना डोळ्यांत पाणी आलं. परत येऊन मी सुकुमारला सांगितलं, फार छान झालंय. एरवी न पचणारं खोटं त्या दिवशी भावाच्या काळ्या नाकाकडे बघून पचलं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. आठवडाभर मी तशीच गाडी हाकली. काढून टाकावं तर भावाची ओवाळणी, ठेवावं तर हात जातोय. शेवटी एका गुरुवारी मी उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांकडे गेले. संघाच्या दोन ड्रायव्हरांनी त्यांचं नाव सांगितलं होतं आणि सोबत तंबीही दिली होती, की माणूस चांगला आहे पण घाई केली तर गाडी परत देतो.

दस्तगीरभाई साठीला टेकलेले, किडकिडीत, कानावर पेन्सिल. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, शेजारी गुंडू लोहारांचा लेथ, मागे भाईंचं घर. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. ते शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, चालवा. मी शेडपासून कोपऱ्यापर्यंत आणि परत अशी गाडी चालवली. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या खांद्याकडे बघत होते.

"ही काठी कुणी घातली?" त्यांनी उतरल्यावर विचारलं.

"भावानं. भाऊबीजेची ओवाळणी आहे."

"भावानं भनीला साडी घ्यावी," भाई म्हणाले. "ही रेसवाल्यांची काठी हाय म्याडम. त्येंच्या हातात जोर लई आनि येळ कमी. आखूड काठीनं हात थोडा हालतोय, पर जोर दुप्पट लागतोय. हापशाचा दांडा निम्मा कापला तर पानी येतंय, पर हापसणारा ऱ्हात न्हाई."

मग त्यांनी भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा स्प्रिंगकाटा आणला, तो दांड्याला अडकवला आणि खाली ओढला. पहिल्यातून दुसऱ्यात जायला नऊ किलोचा ओढा लागत होता. "नऊ किलो," ते म्हणाले, "आनि तुमचा हात किती उचलतोय?" मी त्यांना सगळं सांगून टाकलं. म्हैस, प्लॅस्टर, चेंडू, कपाट, चीफ, गुडघा, करूळ घाट. का सांगितलं कुणास ठाऊक. बहुतेक ते मध्ये काही बोलत नव्हते म्हणून. चेंडूचं ऐकून त्यांनी फक्त एकदा कानावरची पेन्सिल काढून परत ठेवली.

त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. गिअरबॉक्स उघडायची मला धास्ती होती, कारण तो खर्च मला झेपला नसता. त्यांनी तो उघडलाच नाही. ते म्हणाले, दुखणं पोटात नाही, हातापायांत आहे. गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जी सळई जाते तिच्या सांध्यातले बुश, म्हणजे आत बसवलेली कडी, झिजून भुगा झाले होते. ते त्यांनी गुंडू लोहारांकडून नायलॉनच्या रॉडमधून नवे कातून घेतले. क्लचची केबल बदलली. गिअरबॉक्समधलं तेल काढलं तेव्हा ते काकवीसारखं जाड निघालं. मला ज्याने गाडी विकली त्याने गिअरचा आवाज दबावा म्हणून ते भरलं होतं. भाईंनी गाडीला लागतं तेच पातळ तेल भरलं. सुकुमारची काठी काढून जुना दांडा परत घातला, आणि तोही कापून त्यात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या बसवल्या, आवळायला बोल्ट लावला. त्यामुळे दांडा चांगला चार बोटं उंच झाला. वरून रेक्झिनचं कव्हर चढवलं.

राहिली मूठ. त्यासाठी त्यांनी घरातून जुलेखाभाभींकडून कणकेचा गोळा मागवला आणि माझ्या डाव्या हातात दिला.

"दाबा. जेवढा मिटतोय तेवढाच."

मी दाबला. तो गोळा घेऊन ते लाटणी-पोळपाट कातणाऱ्या एका कारागिराकडे गेले आणि त्या मापाची शिसवी मूठ करवून आणली. पेरूएवढी. माझा अर्धवट मिटणारा पंजा तिच्यावर बरोबर बसत होता. भाभींनी दाराआडून विचारलं, की कणीक परत मिळणार आहे का. भाई म्हणाले, आज एक पोळी कमी.

मी गाडी सुरू केली, क्लच दाबला, दांडा खाली ओढला. दुसरा गिअर पडला. मला वाटलं चुकून पडला, म्हणून परत न्यूट्रल करून ओढला. परत पडला. भाईंनी काटा लावून दाखवला, तीन किलोला जरा कमीच. सगळं मिळून जे पैसे झाले ते सुकुमारच्या खोक्याच्या निम्मेही नव्हते. मी त्यांना म्हणाले, भाई, तुम्ही माझा रूट वाचवला. ते म्हणाले, एवढ्यात नको, नवे बुश आहेत, बसायला वेळ लागतो, दर सोमवारी आणून दाखवायची. सोमवार त्यांच्या सुट्टीचा दिवस. मी म्हटलं, सुट्टी कशाला मोडता. "सोमवारी गिऱ्हाईक न्हाई," ते म्हणाले, "डोकं शांत असतंय."

मग आमचे सोमवार सुरू झाले. सकाळी रूटवर निघायच्या आधी मी शेडवर जायची. भाई मला मागे भाभींकडे चहाला पाठवायचे आणि स्वतः पाना घेऊन गाडीत शिरायचे. भाभींचा चहा आटलेला आणि गोड असायचा आणि त्यांच्या शेळीचं काही ना काही दुखणं असायचंच. शेळी बघून, चहा पिऊन मी परत येईपर्यंत भाईंचं काम झालेलं असायचं. दर वेळी तेच दोन प्रश्न.

"गिअर कसा पडतोय?"

"लोण्यासारखा."

"आनि हात?"

"हाताचं सोडा हो, गिअर पडतोय ना."

ते मान डोलवायचे. एकदा, तिसऱ्या सोमवारी, मी कुरकुरले की हात जरा ठणकतोय, वाड्यांवर फार फिरणं झालं. त्या दिवशी ते गाडीत नेहमीपेक्षा जास्त वेळ होते आणि त्या आठवड्यात गिअर अधिकच हलका वाटला. मी रूटवर भेटेल त्याला दस्तगीरभाईंचं नाव सांगत सुटले. गिअर सुधारला की माणूस कसा सुधारतो यावर मी आईला एक व्याख्यानही दिलं. आई म्हणाली, बरं.

जानेवारीच्या चार तारखेला सकाळी सात वाजता मी गाडी पुसून संघाच्या फाटकात उभी केली. दोन दिवसांआधीच आठवा सोमवार झाला होता. मनात धाकधूक होती पण भीती नव्हती. चीफ आले, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, खिडकीतून आतली शिसवी मूठ बघितली.

"हिला तुम्ही बरंच काही करून घेतलंय असं ऐकलं," ते म्हणाले.

मी मोठ्या उत्साहाने त्यांना बुश, तेल, केबल सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून वेगळीच किल्ली काढली. संघाच्या जीपची.

"पावसाळ्यात वरच्या वाड्यांना तुमची ही गाडी चढत नाही, मगदूमबाई. तेव्हा जीपच न्यावी लागते. मला तुमची गाडी बघायची नाहीये. तुम्हाला बघायचंय."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी किल्ली घेतली तेव्हा थँक्यूदेखील म्हटलं नाही. राग आला कारण ते बरोबर बोलत होते. ती जीप मला माहीत होती. तिचा गिअर टाकायला ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठायचा. माझी सगळी तयारी, सगळे सोमवार फाटकात उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या गाडीत राहिले होते. म्हटलं, संपलं. आता नाटक पुरं करायचं, संध्याकाळी टेबल बघायचं आणि उद्यापासून फोन घ्यायचा.

कोल्हापूर सुटेपर्यंत मी काही विचार केला नाही, नुसती चालवत राहिले. कळ्याचा तो चढ आला आणि गेला. गगनबावड्याला धुकं होतं. चीफनी समोरची दांडी धरली आणि आम्ही करूळ घाटात शिरलो. उतरताना दुसऱ्यावर राहून भागलं. वैभववाडीच्या बाजूला खाली जाऊन मी जीप वळवली. आता चढ. तिथून वर प्रत्येक वळणाला तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं, वळण घ्यायचं, परत तिसरा टाकायचा. वरून मालाने भरलेले ट्रक उतरत होते. एका वळणावर ट्रकने आपली बाजू सोडली आणि मला ब्रेक दाबून, स्टिअरिंग उजव्या हाताने घट्ट धरून, एकाच दमात दुसऱ्यावर यावं लागलं. आले. ट्रक गेला. जीप बंद पडली नाही, मागे घसरली नाही. मी तिसरा टाकला आणि पुढे गेले.

वर पोचल्यावर चहाच्या टपरीपाशी मी जीप बाजूला घेतली. चीफनी समोरची दांडी सोडली आणि बोटं मिटून उघडून बघितली.

"रूट तुमचा," ते म्हणाले. मग म्हणाले, "मलाही तेच हवं होतं. पण बघितल्याशिवाय सही करणं माझ्याच्यानं झालं नसतं."

मी त्यांचे आभार मानले, या वेळी मनापासून. आणि विचारलं, की जीपचा गिअर कधी करून घेतलात, चांगला हलका झालाय.

"हिचा?" चीफ म्हणाले. "चार वर्षांत हिला कुणी पाना लावलेला नाही. ड्रायव्हर रोज शिव्या घालतो."

चहा आला होता. तो मी कपात तसाच ठेवला आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत बसले.

दुपारी मी पेढे घेऊन थेट उद्यमनगरात गेले. बुधवार होता, शेडमध्ये दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या, लेथ चालू होता. भाई एका टेम्पोखालून बाहेर आले. मी त्यांना जीपचं सांगितलं. मला वाटलं होतं ते चकित होतील. ते हात पुसत राहिले.

"जीपची काठी मला ठाव नव्हती," ते म्हणाले. "पर म्हटलं कुठलीबी गाडी आली तरी चालंल असं करून ठेवावं."

"म्हणजे?"

भाई माझ्या गाडीपाशी गेले, दांड्याचं रेक्झिन वर सरकवलं. आतल्या दोन नळ्या एकमेकींत पार खालपर्यंत गेल्या होत्या.

"पयल्या दिवशी चार बोटं लांब हुता. दर सोमवारी कधी पाऊण बोट, कधी एक, खाली घेत आलो. आज कंपनीच्या मापापेक्षा एक बोट आखूड हाय. परवाच्या सोमवारी काटा लावला, सहा किलो भरला."

 मी म्हटलं, पण मला दर आठवड्याला तो हलकाच वाटत होता.

"वाटणारच. मी गिअर जड करत हुतो तसा हातात बी जोर येत हुता. तुम्ही पयल्याच दिवशी सांगितलासा, चेंडू दाबायचा सोडला म्हणून. आता चेंडू दाबा म्हणून मी मिस्त्री तुम्हा डॉक्टरांना काय सांगनार? पर गिअर तर दिसाला तीनशे बार टाकतासा. म्हटलं, त्योच चेंडू." त्यांनी बोटाने नळ्यांकडे दाखवलं. "तिसऱ्या सोमवारी हात ठणकतोय म्हनलासा, तवा एक बोट परत वाढवला. मग सावकाश खाली घेतला."

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले. 

"सांगितलं असतं तर दर गिअरला तुम्ही आदी हाताला इचारलं असतं. त्यो न्हाईच म्हनला असता." भाईंनी रेक्झिन परत खाली सरकवलं. "गाडी काय म्याडम, आज हाय, उद्या इकशिला. हात तुमच्याजवळ ऱ्हानार."

त्या रूटवर मी पुढे अकरा वर्षं काढली. गाड्या तीन बदलल्या. याच डाव्या हाताने किती अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या त्याचा हिशोब मी ठेवला नाही. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी मदत केली, आणि प्रत्येकाने ती करताना मला थोडं तरी कळू दिलं, की मी मदत घेतेय. भाईंनी आठ सोमवार सुट्टी मोडली, वर चहा पाजला, आणि गिअरचं कौतुक मुकाट ऐकून घेतलं. इतक्या अदबीने मला कुणी बरं केलं नाही. त्या दिवशी हे सगळं बोलायला सुचलं नाही. मी भरल्या डोळ्यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेले.

"अवो, अवो, काय करतासा," म्हणत भाईंनी घाईघाईने माझा हात मधल्यामध्येच धरला. तो डावा होता. मीही त्यांचा हात धरला आणि तशीच उभी राहिले. लेथ थांबवून गुंडू लोहार बघायला लागले. भाभी दारात आल्या. मी नुसता हात दाबत राहिले.

थोड्या वेळाने भाई हळूच म्हणाले, "म्याडम, सोडा की आता. दुखायलाय."